अकरा हजार ताऱ्यांचा कारभार

२ फेब्रुवारी, रविवार

आजपासून रोज लिहायचं. मोठं काम हाती घेतलं की नोंद ठेवलेली बरी. नंतर लोक विचारतात कसं सुचलं, आणि आपल्याला आठवत नाही.

काम असं: आमच्या शनिवारच्या मंडळींसाठी नवा रोलप्लेइंग गेम रचायचा. मी जग तयार करायचं, बाकी तिघांनी त्या जगातला एकेक माणूस व्हायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. चार वर्षं तलवारी आणि राक्षस झाले. आता अंतराळ. ताऱ्याताऱ्यांवर पसरलेलं साम्राज्य. पहिला डाव १ मार्चला, माझ्या घरी. तसं जाहीर करून टाकलं.

मंडळी म्हणजे माझा मेहुणा (हिचा धाकटा भाऊ), दातांचा डॉक्टर आणि गणिताच्या बाई. तिघांनाही फार आनंद झाला. डॉक्टर म्हणाला, सुटलो बाबा त्या राक्षसांच्या तावडीतून. आनंद प्रत्येकजण आपापल्या पद्धतीने व्यक्त करतो.

प्रश्न एकच. साम्राज्य किती मोठं? तेवढं ठरलं की बाकीचं दोन संध्याकाळींचं काम. सध्या दोनशे तारे धरलेत.

घरात शांतता आहे. ही गेल्या महिन्यात गेली. गेली म्हणजे नोकरीवर. सहा तासांवरच्या शहरात मोठ्या इस्पितळात रक्तपेढीची प्रमुख झाली आहे. मी मागाहून जायचं, हे ठरलेलंच आहे. आमच्या कंपनीची तिथे शाखा आहे. फक्त साहेबांच्या कानावर घालायचं. या आठवड्यात घालतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दोनशे म्हणजे अगदीच वाडी झाली. सम्राटाला सगळे ओळखीचे निघतील. बाराशे केले.

ऑफिसात फोन कमी होते. कंपनी लिफ्ट दुरुस्तीची. कुठे लिफ्ट अडकली की फोन माझ्याकडे येतो. मी भिंतीवरच्या नकाशात बघतो, कोणता मेकॅनिक जवळ आहे, आणि त्याला पळवतो. या कामात माझा हात धरणारा कोणी नाही. आत अडकलेल्या माणसाला मी नेहमी एकच सांगतो, दारापासून लांब उभे राहा आणि शांत राहा, माणूस निघालाय. निघालेला नसला तरी सांगतो. धीर येतो.

साहेब आज घाईत होते. बोललो नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

हिचा फोन. इस्पितळाने दिलेली पाहुण्यांची खोली महिनाअखेर सोडायची आहे म्हणाली. एकाच इमारतीत दोन जागा बघितल्यात. तिसऱ्या मजल्यावर एका खोलीची, चौथ्यावर दोन खोल्यांची. अहो, कोणती घेऊ ते सांगा, मालक थांबायला तयार आहे पण किती थांबणार, असं म्हणाली.

कळवतो म्हणालो. प्रश्न साधा नाही. अशा गोष्टी सर्व बाजूंनी बघाव्या लागतात.

झाडाला पाणी घालताय ना, असंही विचारलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत तिची कुंडी आहे, मोठ्या पानांचं झाड आहे. हो म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर घातलं. म्हणजे खोटं ठरलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

बाराशेही कमी पडतात. हिशोब केला. प्रत्येक ग्रहावर एक सुभेदार, दहा सुभेदारांवर एक महासुभेदार, त्यांच्यावर एक मंडळ. बाराशेत मंडळाला कामच उरत नाही. अकरा हजार केले. आकडा लिहिला आणि आतून काहीतरी हललं. बहुधा भूक होती. ब्रेड खाल्ला.

अकरा हजारांच्या खाली आता येणे नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गणिताच्या बाईंना आकडा कळवला. त्यांनी विचारलं, अकरा हजार नावं ठेवणार का? मी म्हणालो, अर्थात. त्या म्हणाल्या, बरं. बाई बरं म्हणाल्या की त्यात पुष्कळ असतं. वर्गातली मुलं घाबरतात म्हणे.

नावं ठेवायला बसलो. पहिली चाळीस भारदस्त झाली. मग ऑफिसातले शब्द यायला लागले. बफर नावाचा बर्फाळ ग्रह. पुली आणि धाकटी पुली, असे जुळे तारे. तळखड्डा ही तुरुंगाची वसाहत. ऐकायला चांगली वाटतात. ज्याला लिफ्ट माहीत नाही त्याला तर परग्रहावरचीच वाटतील.

हिचा मेसेज आला, ठरलं का? मनात म्हटलं, जवळजवळ. अंगठा वर केलेलं चित्र पाठवलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार. दुपार

डॉक्टरकडे दाढ दाखवली. तोंडात आरसा घालून विचारू लागला, साम्राज्य कुठवर आलं? मी उत्तर देऊ शकत नव्हतो हे त्याला माहीत होतं. मग म्हणाला, आम्हाला एक खटारा यान दे रे, तीन माणसं, एक चुकीचा नकाशा, बास. साम्राज्य खिडकीतून दिसलं तरी चालेल.

हौशी माणूस आहे. त्याला पायाभूत गोष्टींची जाण नाही. दाढ काढावी लागेल म्हणाला. मी म्हणालो, कळवतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मोठा शोध लागला! साम्राज्याचा आकार ताऱ्यांवर ठरतच नाही. हुकूम पोचायला किती वेळ लागतो, त्यावर ठरतो. मग नियम केला: ताऱ्याताऱ्यांमध्ये फोन नाही, बिनतारी नाही, काही नाही. जो काही निरोप असेल तो टपालाच्या यानातून. राजधानीपासून सरहद्दीपर्यंत दोन वर्षं. उत्तर यायला आणखी दोन. यामुळे खेळाला वजन येतं. उगीच कोणी उठून सम्राटाला फोन लावणार नाही.

नियम वहीत पक्का केला. आता मीही मोडू शकत नाही.

हिचे दोन मिस्ड कॉल. नियमाच्या नादात लक्ष नव्हतं. उद्या करतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काल केला नाही. आज करणार होतो, पण आता तिची ड्यूटी असेल.

साहेबांनी सकाळी सगळ्यांना नकाशासमोर बोलावलं आणि उत्तरेकडच्या पिना स्वतःच्या हाताने उपटल्या. म्हणाले, आपला माणूस जिथे तासाभरात पोचत नाही ती लिफ्ट आपली कसली? लोक आत घामाघूम होतात आणि आपण इथून शांत राहा सांगतो. सोडून द्या ती कामं. हे म्हणताना माझ्याकडे बघायचं कारण नव्हतं.

पण विचार उत्तम आहे. वहीत उतरवला. साम्राज्याच्या प्रकरणात घालीन.

मग ते म्हणाले, त्या दुसऱ्या शहराच्या शाखेत फोनवर बसायला माणूस हवाय, कोणी जाणार असेल तर सांगा. म्हणजे नेमकी माझीच जागा! साहेब थोडा वेळ थांबले. पण चारचौघांत हात वर करणं बरं दिसत नाही. माणूस उतावळा वाटतो. सोमवारी केबिनमध्ये जाऊन व्यवस्थित बोलेन.

२४ फेब्रुवारी, सोमवार

साहेब रजेवर.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

साहेब आले. डोकं दुखतंय म्हणत होते. अशा वेळी विषय काढला तर उत्तर नाहीच येणार. माणसं ओळखून वागावं लागतं.

झाडाची दोन पानं पिवळी. ऋतू असेल.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

हिचा फोन. पाहुण्यांची खोली आणखी थोडे दिवस मिळाली, मेट्रनने शब्द टाकला म्हणाली. मालकाने दहा मार्चपर्यंत दोन्ही जागा धरून ठेवल्यात. मग म्हणाली, तुम्हाला यायचं नसेल तर तसं सांगा, मी काही रागावणार नाही, फक्त मला कळू दे.

मी म्हणालो, यायचं नाही असं कुठे म्हटलंय मी? ती म्हणाली, तेच तर, तुम्ही काहीच म्हटलेलं नाही.

तिच्या मागे कोणीतरी बाटल्यांचा ट्रे ठेवल्याचा आवाज आला. तिला जावं लागलं. इथे मला काहीतरी वाटायला हवं होतं. वाट बघितली. मग सरहद्दीच्या ठाण्याचा आराखडा काढला.

एक तारखेचा डाव झाला की हे पहिलं काम. दोन खोल्या की एक, सोक्षमोक्ष लावायचा.

१ मार्च, शनिवार. सकाळ

आज डाव. नकाशा जेवणाच्या टेबलावर मावला नाही, एक टोक ओट्यावर नेऊन चिकटवलं. अकरा हजार तारे, त्यातले नाव ठेवलेले तीनशे बारा. बाकीचे विचारले तर सांगीन. कुंडी खिडकीतून काढून मोरीत ठेवली, नकाशावर सावली पडत होती.

आयुष्यात काही दिवस असतात.

१ मार्च, शनिवार. संध्याकाळ

डाव झाला. खरं ते लिहितो, कारण हे मी एकटाच वाचणार आहे. मंडळींनी खेळाचं वाटोळं केलं.

मी त्यांना सरहद्दीवरच्या शेवटच्या ठाण्यावर नेमलं होतं. मेहुणा ठाण्याचा कप्तान, डॉक्टर तिथला डॉक्टर, बाई करवसुली अधिकारी. सुरुवातीचा इतिहास मी वाचून दाखवला. त्यात डॉक्टरचा डोळा लागला, पण तो सकाळपासून क्लिनिकमध्ये उभा असतो.

मग प्रसंग टाकला. साम्राज्याबाहेरचं एक मोडकं यान दाराशी येतं. आत तीनेकशे माणसं, हवा संपत आलेली. विचारतात, आत येऊ का? मी म्हणालो, परक्या यानाला दार उघडायचं तर राजधानीची परवानगी लागते. मेहुण्याने विचारलं, किती वेळ लागेल? मी वही उघडून दाखवली. जायला दोन वर्षं, यायला दोन.

मग मी सांगितलं की दर आठवड्याचा एकेक फासा टाकू, ठाण्यावर काय काय घडतं ते कळेल. पहिल्या आठवड्यात काही घडलं नाही. दुसऱ्यात कॅन्टीनचा नळ गळला. तिसऱ्यात काही नाही. डॉक्टर म्हणाला, माझा माणूस खिडकीशी जातो आणि त्या यानातल्या लोकांकडे बघून हात हलवतो. चौथ्या आठवड्यात म्हणाला, ते अजून हात हलवताहेत का?

मला ते नियमात बघावं लागलं. हलवत नव्हते, निम्मे.

तेव्हा बाईंनी चष्मा काढला. विचारलं, आपला निरोप पोचेल तेव्हा हा सम्राट जिवंत असेल याची काही खात्री? नाही म्हणालो. उत्तर येईल तेव्हा हे लोक जिवंत असतील? नाही म्हणालो. मग विचारायचं तरी कोणाला आणि कोणासाठी, असं त्या शांतपणे म्हणाल्या. मेहुणा म्हणाला, भावजी, मी दार उघडलं.

परवानगीशिवाय? हो, म्हणाला, परवानगीशिवाय.

पुढे सगळं फार भराभर झालं. त्या लोकांना आत घेतलं, जागा कमी पडली म्हणून कराचं गोदाम रिकामं केलं, डॉक्टरने एका परग्रहवाल्याचे सुळे तपासले आणि ठाणं स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं. सम्राट फौज पाठवील, असं मी बजावलं. बाई म्हणाल्या, पाठवू दे की, बातमी कळायला दोन वर्षं, फौज यायला दोन, तोवर आम्ही शाळा काढतो. माझ्याच नियमाने!

त्यांना इतकं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. बाई तर खोकायला लागल्या. मला राजधानीबद्दल बोलायचं होतं, मंडळाबद्दल, महासुभेदारांबद्दल. नकाशाच्या त्या टोकाकडे कोणी गेलंच नाही. ओट्यावर चहा सांडून पुली आणि धाकटी पुली पुसट झाल्या.

बाकी दोघं गेल्यावर मेहुणा मागे राहिला. मोरीत कप विसळायला गेला, तिथे त्याला कुंडी दिसली. त्याने तिला नळाखाली धरलं. पाठ माझ्याकडेच होती. विचारलं, ताईला काही कळवलंत का? चालू आहे म्हणालो. तो म्हणाला, काय चालू आहे? म्हणजे नेमकं काय चालू आहे, भावजी?

हा मुलगा लहानपणापासून तोंडाने फटकळ.

३ मार्च, सोमवार

दोष कुठे होता ते सापडलं. साम्राज्य मोठं नव्हतं, हुकूम हळू होता. किंवा उलट. तीन हजारांवर आणतो.

साहेबांच्या केबिनपाशी गेलो. आत स्टोअरवाला बसला होता. परत आलो.

६ मार्च, गुरुवार

चारशे.

डॉक्टरचा फोन. म्हणाला, शनिवारी आम्ही क्लिनिकच्या वेटिंगरूममध्ये बसणार आहोत. ते ठाणं काय झकास होतं रे, बाईंनी पुढची गोष्ट रचली आहे, त्यांची शाळा, त्यांचं भाजीचं शेत. साम्राज्य लागणार नाही, तू दमू नकोस. मी विचारलं, आणि मी? तो म्हणाला, तू सम्राट हो की. तुझा निरोप चार वर्षांतून एकदा येतो, तेव्हा जमेल तसा ये.

सन्मानाची भूमिका आहे. विचार करतो म्हणालो.

दाढ ठणकते.

८ मार्च, शनिवार

वेटिंगरूमला गेलो नाही. सम्राटाने पहिल्याच दिवशी हजर होणं नियमात बसत नाही. नंतर कळलं की डाव झालाच नाही. मेहुण्याला कुठेतरी बाहेरगावी जायचं होतं. त्याच्याशिवाय खेळ रंगत नाही म्हणून बाकी दोघांनी नुसता चहा घेतला.

मला बोलावलं असतं तर मीही घेतला असता.

१० मार्च, सोमवार

आजची तारीख मालकाची. लक्षात आहे. सगळं मनाशी जुळवलं: आधी साहेब, मग हिला फोन. पाया भक्कम हवा.

साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. बसलो. सरळ सांगितलं, त्या शाखेत मी जायला तयार आहे. साहेब माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, अहो, स्टोअरवाला गेला की शुक्रवारी, आपण त्याला हार घातला, तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मला वाटलं होतं तो सेवानिवृत्त होतोय. मी विचारलं, पुढची जागा कधी निघेल? ते म्हणाले, कळवतो.

त्यांच्या कळवतोमध्ये दम नव्हता. ऐकलं की समजतं.

जागेवर येऊन बसलो. एक फोन आला, कोणी बाई अडकल्या होत्या, पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये. म्हणालो, माणूस निघालाय. त्या म्हणाल्या, खरंच निघालाय का? असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी नकाशाकडे बघितलं. तिकडच्या पिना साहेबांनी उपटलेल्या. म्हणालो, नाही. मग दोघंही फोन धरून राहिलो.

हिला संध्याकाळी फोन लावणार होतो. आता शाखेचंच फिसकटलं, तर सांगणार काय? थोडं काहीतरी हातात आलं की लावतो.

१३ मार्च, गुरुवार

साम्राज्य: साठ तारे. आटोपशीर. मला वाटतं, पहिल्यापासून माझ्या मनात हेच होतं.

१६ मार्च, रविवार. सकाळ

मेहुणा आला. सोबत रिकामं खोकं. म्हणाला, ताईने काही सामान मागवलंय, मी आज गाडी घेऊन निघतोय. मी म्हणालो, अरे, पण जागा ठरायचीय अजून. तो खोकं उघडत होता, थांबला. म्हणाला, भावजी, गेल्या शनिवारी मी तिचं नवं कपाट वर चढवून आलो. तिसऱ्या मजल्यावर.

तिसऱ्या म्हणजे एका खोलीची.

मला सांगितलं नाही कोणी, असं म्हणालो. तो म्हणाला, तुम्ही विचारलं नाहीत. रागाने नाही म्हणाला. ते बरं झालं असतं.

तिचा चहाचा कप, उशी, कपाटातली शाल आणि झाड. एवढंच. बाकीचं मावणार नाही म्हणाली आहे. चार पानं पिवळी होती, ती त्याने खुडली आणि माझ्या हातात दिली. त्याचे हात भरलेले होते म्हणून मी लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट चटकन आली. एरवी इतक्या चटकन येत नाही. दार बंद होताना तो म्हणाला, शनिवारी क्लिनिकमध्ये या हो भावजी, सम्राट वगैरे राहू द्या, गोदामात एक रखवालदार लागतोय.

खिडकीत कुंडीचा गोल डाग राहिलाय. पुसायला हवा.

१६ मार्च, रविवार. संध्याकाळ

निर्णय झाला. सर्व बाजूंनी विचार करून झाला. हिला मेसेज पाठवला: दोन खोल्यांची घे.

उत्तर लगेच आलं. झाड पोचलं, असं लिहिलंय.

सहा तासांचाच तर रस्ता आहे.